सात वेळा भूतान

सात वेळा भूतानला जाऊन आलो.
परमिटं ठेवलीत जपून, म्हणाल तर दाखवीन.
नाशिकरोडहून गाडी, दोन रात्री डब्यात,
मग जयगावच्या कमानीतून बस आत शिरते
आणि हॉर्न बंद होतात म्हणे.
हे ऐकीव. मी मागच्या टेम्पोत असायचो,
दोन शेगड्या, तीन कुकर, साठ किलो तांदूळ,
आणि मांडीवर गोड्या मसाल्याचा डबा,
तान्हं पोर घ्यावं तसा.

चौबळ साहेब माईकवरून सांगत,
"मंडळी, डावीकडे बघा, एकशे आठ स्तूप!"
तेव्हा मी डोचुलाच्या वाऱ्यात
चहासाठी काडी पेटवत होतो.
अकराव्या काडीला शेगडी लागली.
स्तूप मोजायचे राहिले.

तिथे उंचावर पाणी लवकर उकळतं
आणि डाळ शिजत नाही.
पहिल्या फेरीला पिंगळे काकूंनी
तुरीचा दाणा दोन बोटांत दाबून पाहिला
आणि काही बोलल्या नाहीत.
त्या न बोलण्यानं मी रात्रभर जागा.
पहाटे खिडकीबाहेर काय होतं, नदी होती का,
आठवत नाही. डाळ भिजत घातलेली आठवते.

पारोला मंडळी वाघाच्या घरट्याकडे चढत.
मी खाली पार्किंगमध्ये, पिठलं-भाकरीचे चाळीस डबे भरत.
कड्यावर, ढगाच्या फटीत, एक पांढरा ठिपका दिसे.
उग्येन ड्रायव्हर म्हणे, चल वर, भांडी काय पळून जातात?
हा माणूस माझा ठेचा चमच्यानं खायचा,
श्रीखंड खावं तसा.
म्हटलं, पुढच्या वेळी.
सातही वेळा हेच म्हटलं.

यंदा गुडघा गेला. कंपनीनं दुसरा पोरगा घेतला.
आता मी पाथर्डी फाट्याला, घरी.
ओट्याशी उभं राहिलं की समोर त्रिरश्मीचा डोंगर.
बावीस वर्षं त्याच्याकडे पाहून फोडणी दिली,
चढलो कधी नाही.
कुसुमनं परवा चप्पल घातली आणि म्हणाली, ऊठ.

पायऱ्या मोजल्या नाहीत, गुडघ्यानं मोजल्या असतील.
खिडकीवर तिकीट काढलं, दोन.
आयुष्यात पहिल्यांदा मी प्रवाशांत.

गांगुर्डे नावाचा राखणदार होता, बोलका.
ह्या खोल्या, म्हणाला, हे झोपायचे दगडी ओटे,
ही पाण्याची टाकी, ह्या भिंतीवर कोरलंय
भिक्षूंच्या कापडासाठी कोणी किती पैसे ठेवले ते.
मी विचारलं, चूल कुठे?
तो हसला. चूल नाही हो बाबा.
भिक्षू पात्र घेऊन खाली गावात जायचे,
लोक वाढतील ते खायचे.

मी तिथेच ओसरीवर टेकलो.
खाली हायवेवर ट्रक, अंबडच्या शेड,
त्यापलीकडे द्राक्षांचे हिरवे पट्टे.
म्हणजे त्या तिथे कुठेतरी
रोज कोणी अंधारात उठत असणार.
ओली लाकडं, डोळ्यांत धूर,
आणि वर डोंगराकडे एकदा बघून
मूठभर धान्य जास्त.
दाणा दोन बोटांत दाबून पाहत असणार.

गांगुर्डेला म्हटलं, त्यांचं नाव कोरलंय का?
कोणाचं?
जाऊ दे, म्हटलं.

कुसुमनं डबा उघडला. मेथीची भाजी, भाकरी.
तुम्ही एवढं फिरलात, म्हणाली,
भूतान असंच आहे का?
पाहिला कुठे, म्हटलं.
पण सकाळी तिथे कसला तरी पाला जाळतात दारात,
तो धूर टेम्पोत यायचा, माझ्या मसाल्यात मिसळायचा.
आणि छपरांवर मिरच्या वाळत घातलेल्या,
सगळं घर लाल.
ती ऐकत राहिली. पहिल्यांदाच विचारत होती,
मीही पहिल्यांदाच सांगत होतो.

भाजीत मीठ कमी होतं.
मी बोललो नाही.
मग पिंगळे काकू आठवल्या,
आणि बोललो.